ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे ब्लँकेट आणि आमची संविधानाची प्रत

हिवाळा लागला की वर्तमानपत्रांत दोन फोटो हमखास छापून येतात. एक शेकोटीभोवती अंग आखडून बसलेल्या माणसांचा. त्याखाली 'थंडीचा कडाका वाढला' अशी ओळ. दुसरा ब्लँकेट वाटपाचा. सहा-सात पदाधिकारी मिळून एकच ब्लँकेट धरून कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि ज्याच्या अंगावर ते पडायचे आहे तो म्हातारा फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलेला असतो. बातमीत पदाधिकाऱ्यांची नावे हुद्द्यासह येतात. म्हाताऱ्याचे नाव 'एक गरजू'.

तिसरा फोटो छापून येत नाही, कारण तो कोणी काढतच नाही. रात्री अकरानंतर रेल्वे स्टेशनच्या बाहेर, बंद दुकानांच्या ओट्यांवर, उड्डाणपुलाखाली फिरणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींचा तो फोटो. ही मुले बहुधा कुठल्यातरी ख्रिस्ती विद्यार्थी फेलोशिपची असतात. आजचा लेख त्यांच्याबद्दल आहे. खरे म्हणजे त्यांच्याबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त आहे.

फेलोशिप म्हणजे काय हे आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. कॉलेजात, वसतिगृहात असलेली ख्रिस्ती मुलेमुली आठवड्यातून एकदा एकत्र जमतात, बायबल वाचतात, गाणी म्हणतात, एकमेकांच्या अडचणी विचारतात. एवढेच. पण यामागे शंभरावर वर्षांचे संघटन उभे आहे. विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती महासंघ १८९५ साली स्वीडनमध्ये स्थापन झाला. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून आहे, कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ पासून आणि इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची युनियन १९५४ पासून. आमच्या विद्यार्थी संघटनांची फूट किती वेळा झाली याचा हिशेब ज्यांनी ठेवला असेल त्यांनी ही सालवारी जरा शांतपणे वाचावी.

दोन हिवाळ्यांपूर्वी विदर्भातल्या एका शहरात आम्ही अशा एका गटाबरोबर तीन रात्री फिरलो. झाले असे की, पोलिसांनी भिकारी म्हणून उचललेल्या एका माणसासाठी ही मुले वकील शोधत आमच्यापर्यंत आली. माणूस सुटला, ओळख राहिली. गट बारा-तेरा जणांचा. नर्सिंगच्या मुली जास्त, दोन इंजिनिअरिंगची मुले, एक बी.एड. करणारा. निम्मी झारखंड-छत्तीसगडकडची आदिवासी, दोघी केरळच्या आणि एक मुलगा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याचे पणजोबा महार होते. अमेरिकन मराठी मिशनने त्या जिल्ह्यात १८३१ पासून काम केले आणि आमची कितीतरी घरे तिकडे ख्रिस्ती झाली, हा इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने या मुलाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले आहे. आम्हालाही १९९० पर्यंत बाहेरच ठेवले होते. धर्म बदलला की जात सुटते असे कायदा मानतो. गाव काही मानत नाही.

मुलांकडे चहाची मोठी किटली, बिस्किटांचे पुडे, जुनी पण धुतलेली ब्लँकेटे, एक औषधांची पिशवी आणि एक वही. वही आम्ही मुद्दाम बघितली. त्यात माणसांची नावे होती. नाव, वय, गाव, कुठे झोपतात, कोणते दुखणे. चहा देण्याआधी मुले नाव विचारत आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावाने हाक मारत. भेगा पडून रक्त येणाऱ्या टाचा नर्सिंगच्या मुली कोमट पाण्याने पुसून मलम लावत होत्या. आपल्या घरातल्या म्हातारीचे पाय आपण शेवटचे कधी पुसले, हे ज्याने त्याने आठवावे. एका ओट्यापाशी थांबून एका मुलीने शेजारच्याला विचारले, "मागच्या गुरुवारी इथे झोपणारे बाबा कुठे गेले?" त्या शहरात तो प्रश्न विचारणारे त्या रात्री दुसरे कोणीही नव्हते. महापालिका, पोलीस, पुढारी यांपैकी कोणाच्याही कागदावर तो बाबा नव्हताच, तर तो हरवला हे त्यांना कळणार कसे?

आणि पुठ्ठ्यावर, पोत्यावर झोपलेली ही माणसे कोण होती? आम्ही आडनावे वाचत गेलो. आमची होती. मांग-मातंगांची, पारध्यांची, गोंडांची, घिसाडी-वडारांची होती. कारखाना बंद पडलेले, शेतात मजुरी न उरलेले, बांधकामावरून पडून हात मोडलेले, सुनेने हाकललेले. एक जण चक्क जयंती मंडळाचा जुना कार्यकर्ता निघाला. जयभीम म्हणाला आणि मान फिरवली.

इथे कोणीतरी म्हणेलच की ही मुले धर्मांतरासाठी फिरतात. हे वाक्य म्हणणारा माणूस रात्री अकराला घरात रजई घेऊन झोपलेला असतो. तीन रात्रींत आम्ही एकही पत्रक वाटलेले पाहिले नाही. शेवटी एका कडेला उभे राहून मुलांनी आपापसात प्रार्थना केली, तीही हळू आवाजात. पण समजा, एखाद्याला विचारावेसे वाटले की बाळांनो, तुम्ही हे का करता, आणि त्यांनी येशूचे नाव घेतले, तर तो गुन्हा झाला काय? आज देशाच्या अनेक राज्यांत तसा तो होऊ शकतो. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात 'प्रलोभन' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात भेटवस्तू आणि भौतिक लाभ यांचा समावेश आहे, चांगल्या राहणीमानाचे आश्वासनही आहे. २०२४ च्या दुरुस्तीने याच कायद्यातील शिक्षा काही प्रकरणी जन्मठेपेपर्यंत गेली. म्हणजे ब्लँकेट हा पुरावा आणि चहा हा मुद्देमाल.

बौद्धांनी या कायद्यांकडे 'ते ख्रिश्चनांचे बघून घेतील' म्हणून पाठ फिरवू नये. गुजरात सरकारच्या गृह विभागाने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायचे असेल तरी २००३ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात असे परिपत्रक असते तर लाखो अर्जांच्या रांगा जिल्हाधिकारी कचेरीसमोर लागल्या असत्या.

असो. मुद्दा सेवेचा आहे, आणि सेवेकडे आम्ही भाबडेपणाने बघावे असेही नाही. बाबासाहेब स्वतः एक दिवस बेघर होते, हे आपण विसरतो. सन १९१७. कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान बडोद्याच्या संस्थानात नोकरीला आला आणि राहायला जागा नाही म्हणून नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावे लागेल. पती-पत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण, ख्रिस्ती झालेले. नवऱ्याचे विचार सुधारले होते, बायकोचे नव्हते. बाबासाहेब कामाठी बागेत पाच तास बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आम्ही ख्रिश्चनांना टोमणा मारण्यासाठी सांगत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांना आसरा द्यायचा की नाही हे एका सज्जन माणसाच्या घरातल्या मर्जीवर अवलंबून होते. मर्जी झाली असती तर उपकार झाला असता, नाही झाली म्हणून बाग नशिबी आली. मर्जी आणि हक्क यांतील अंतर त्या बागेत बसून जेवढे समजले असेल तेवढे कुठल्या विद्यापीठात समजले नसेल.

त्या तीन रात्रींत आम्हाला हेच अंतर दिसले. गुरुवारी रात्री दिलेली ब्लँकेटे शुक्रवारी सकाळी अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीत गेली. ब्लँकेटे, गाठोडी, भांडी, एकीचे रेशनकार्ड, एकाच्या फिटच्या गोळ्या. पंचनामा नाही, यादी नाही, पावती नाही. पुढच्या गुरुवारी मुले नवी ब्लँकेटे गोळा करून पुन्हा हजर! आम्ही विचारले, "तुम्ही तक्रार दिली का?" मुले एकमेकांकडे बघू लागली. बी.एड. करणारा म्हणाला, "सर, आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही त्याची टिंगल केली नाही, कोणी करूही नये. पण त्याच रात्री चहाच्या टपरीवर बसून आम्ही पथकाच्या प्रमुखाच्या नावाने नोटीस लिहिली आणि जोडपत्र म्हणून त्यांच्या वहीतली यादी लावली. कोणत्या तारखेला कोणाजवळ काय होते, हे त्या वहीत होते. मुलांना ती प्रार्थनेसाठी केलेली नावांची वही वाटत होती. आमच्या दृष्टीने तो पुरावा होता. त्या हिवाळ्यात त्या ओट्यांवर पथकाची गाडी परत आली नाही. पुढच्या हिवाळ्याचे आम्ही सांगत नाही.

बाबासाहेबांनी ही उणीव फार पूर्वी हेरली होती. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात भारतीय ख्रिश्चनांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहिनी घातली असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण त्याच भाषणात त्यांनी सुनावलेही: तुमच्यात शिकलेली मुलेमुली आहेत, मिशनने शाळा आणि दवाखाने दिले, मग अन्यायाविरुद्ध राजकारणात तुमचा आवाज का नाही? आमची शिक्षणात मागे असलेली पोरे भांडून वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या मिळवतात, तुमची का नाही? भाषणाचा आशय असा होता. त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनांवर दोन प्रकरणे आहेत, तीही फेलोशिपच्या मुलांनी वाचावीत. कडू लागतील, पण शत्रूने लिहिलेली नाहीत.

मात्र ख्रिस्ती सेवेतून कायदा निघतच नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, आणि त्याचा धागा बाबासाहेबांपर्यंत येतो.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युएल बार्नेट नावाचे धर्मगुरू होते. गोदी कामगारांची, स्थलांतरितांची, रात्री दारात झोपणाऱ्यांची ती वस्ती. बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ च्या नाताळात तिथे टॉयन्बी हॉल सुरू केला. कल्पना साधी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांनी लांबून दान पाठवू नये. वस्तीत येऊन राहावे, गरिबांचा शेजारी व्हावे. पुढे १९०३ ते १९०५ या काळात विल्यम बेव्हरिज तिथे उपप्रमुख होते. क्लेमेंट ॲटली नावाचा ऑक्सफर्डचा तरुण बॅरिस्टर १९०५ साली जवळच्याच स्टेपनीत गरीब मुलांच्या क्लबात मदतीला गेला, मग तिथेच राहिला, नंतर टॉयन्बी हॉलचा सचिव झाला. ॲटली ख्रिस्ती नीती मानत, त्यातले चमत्कार मानत नसत. पोरांच्या पायांत बूट नाहीत हे बघून त्यांना बूट वाटत बसावे, की बूट का नाहीत हे विचारावे? ॲटलींनी दुसरा रस्ता धरला आणि ते समाजवादी झाले. १९२० साली त्यांनी समाजसेवकावर पुस्तकच लिहिले.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तेव्हा त्या संस्थेचे संचालक हेच बेव्हरिज होते आणि ॲटली तिथे व्याख्याते होते. १९२८ साली बाबासाहेबांनी पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, त्या कमिशनचे ॲटली सदस्य होते. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची जबाबदारी समाजाने घ्यावी असे सांगणारा बेव्हरिज अहवाल १९४२ साली आला आणि १९४५ नंतर पंतप्रधान ॲटलींच्या सरकारने तो अमलात आणला. शतकानुशतके चाललेला, गरिबाला अपराधी समजणारा 'पुअर लॉ' १९४८ साली औपचारिकपणे संपला. लंडनच्या गल्लीतल्या सेवेपासून तिथपर्यंतचा हा रस्ता चाळीसहून अधिक वर्षांचा आहे.

आणि एवढे करूनही बेघर उरलेच. १९६६ साली बेघर कुटुंबाची फरपट दाखवणारा 'कॅथी कम होम' हा चित्रपट बीबीसीवर लागला आणि देश हादरला. त्याच वर्षी ब्रूस केनरिक या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने 'शेल्टर' ही संस्था सुरू झाली. तिने देणग्या तर गोळा केल्याच, पण त्याचबरोबर कायद्याची मागणी लावून धरली. अकरा वर्षांनी, १९७७ साली बेघर व्यक्तींचा गृहनिर्माण कायदा संमत झाला. लहान मुले असलेली कुटुंबे, गरोदर स्त्रिया, वृद्ध, दुर्बल यांना घर देणे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य ठरले. धडधाकट एकट्या माणसाला मात्र त्या कर्तव्यातून वगळले. म्हणूनच आजही लंडनच्या थंडीत फुटपाथवर एकटे पुरुष दिसतात आणि विद्यापीठांतील ख्रिस्ती मुले सूप घेऊन त्यांच्याकडे जाताना दिसतात. कायद्याने जेवढी फट ठेवली तेवढीच सेवा उरली आहे. ती फट थोडी बुजवणारा २०१७ चा कायदा बॉब ब्लॅकमन या खासदाराने आणला. जातिभेदाला समानतेच्या कायद्यात बंदी घालू नका म्हणून ब्रिटनमध्ये हिरिरीने लढणारे खासदार ते हेच, आणि २०२० साली भारत सरकारने पद्मश्री दिली तीही यांनाच! माणूस एका दुःखाला पाझरतो आणि दुसऱ्याला दगड होतो.

करोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने सगळ्यांना आत घ्या असा आदेश काढला आणि रस्त्यावरची हजारो माणसे काही दिवसांत हॉटेलांच्या खोल्यांत गेली. जागा नाही, पैसा नाही, ती माणसे यायला तयार नाहीत, ही सगळी कारणे एका आठवड्यात विरघळली.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांच्या वर. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. फुटपाथवरून पोलिसांनी त्या रात्री कोणाला हुसकले असेल, तर तो मोजलाच गेला नाही. नोटीस काढताना आम्हाला हाताशी आकडा लागतो, म्हणून आम्ही हाच वापरतो. पण तो कमी आहे हे रात्री फिरणाऱ्या कोणालाही कळते.

कायद्याचे म्हणाल तर कागदावर काही कमी नाही. १९८१ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांना हाकलायचा निर्णय झाला, त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हटवायला मात्र परवानगी दिली, रीतसर नोटीस देऊन. हक्क मान्य आणि माणूस बाहेर, असा तो निकाल. पुढे २२ डिसेंबर २००९ रोजी, ऐन थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरील तात्पुरता रात्रनिवारा महापालिकेने पाडला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयातही गेले, आणि जानेवारी २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यातच निवाऱ्याचे आदेश निघाले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने प्रमाण ठरवले: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा. आपल्या शहराची लोकसंख्या घ्या, एक लाखाने भागा, शंभराने गुणा आणि महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारा की खाटा किती. निवारे खरोखर आहेत का हे तपासायला सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली, यातच सगळे आले.

त्याच खटल्याची सुनावणी १२ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. भूषण गवई यांच्या पीठापुढे होती. फुकट धान्य, फुकट पैसा देऊन आपण परोपजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, असा प्रश्न न्यायमूर्तींनी तोंडी विचारला. तो आदेश नव्हता, शेरा होता. रा. सू. गवई यांचे सुपुत्र पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही लपवत नाही. पण अभिमान वेगळा आणि सहमती वेगळी, हे आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवले. बेघरांच्या खटल्यात हा प्रश्न यायला नको होता. ओट्यावर झोपणारा माणूस पहाटे चारला उठून भाजी मार्केटात हमाली करतो, लग्नाच्या मांडवात भांडी घासतो, शहराचा कचरा वेचतो. त्याला काम आहे. त्याला घर नाही.

उलट, घर नाही हाच त्याचा गुन्हा धरणारा कायदा आमच्या राज्यात आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे हेसुद्धा भीक मागण्यात मोडते आणि वॉरंटशिवाय पकडता येते. इंग्रजांनी स्वतःच्या देशात १८२४ साली असाच कायदा केला होता. तो मोडीत काढण्याची तरतूद तिथल्या संसदेने २०२२ साली केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या १९५९ च्या कायद्यातील प्रमुख कलमे रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

म्हणून आम्हाला विचारायचे आहे: फेलोशिपच्या पोरांकडे किटली आहे, वही आहे, आठवड्याची एक रात्र आहे. आमच्या पोरांकडे काय आहे? आमच्याकडे संविधानाची प्रत आहे, विधी महाविद्यालयांत शिकणारी शेकडो मुले आहेत, अन्यायाची चीड आहे. आणि रात्री अकराला ती सगळी कुठे असते? १४ एप्रिलच्या डीजेला वस्तीतून लाखाची वर्गणी उभी राहते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आमची माणसे लाखोंना जेवू घालतात, ते खरोखर मोठे काम आहे. पण ७ डिसेंबरला दादरच्याच पुलाखाली कोण झोपले आहे हे बघायला कोणी थांबत नाही. अतिसाराने लोळणाऱ्या, कोणी विचारत नाही अशा भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो.

एक व्यवहार्य गोष्ट सांगतो. ब्रिटनमधल्या कित्येक शहरांत चर्चची मंडळी हिवाळ्यापुरता फिरता निवारा चालवत आली आहेत. सात रात्री, सात चर्च. सोमवारी एक चर्च आपला हॉल उघडते, मंगळवारी दुसरे. कोणावरच फार ओझे पडत नाही आणि माणसाला रोज छत मिळते. आमच्या शहरांत विहारांची काय कमी आहे? सात वस्त्या, सात विहार, १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी. फेलोशिपच्या मुलांना बोलवा. नर्सिंगच्या मुली तयार आहेत, त्यांनी आम्हाला तसे सांगितले आहे. आमच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी टेबल टाकून बसावे: आधार, रेशनकार्ड, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, जप्त सामानाची तक्रार. आणि विहारात झोपलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, तारीख लिहून महापालिका आयुक्तांना आठवड्याला एक पत्र जावे, की ही माणसे आज तुमच्या निवाऱ्यात असायला हवी होती, तुमच्याकडे जागा नाही म्हणून आमच्याकडे आहेत. सहा आठवड्यांची सहा पत्रे झाली की याचिका लिहायला आम्ही बसू. फी लागणार नाही.

आमच्या वस्तीतील विहार समितीपुढे हा विषय येत्या रविवारी ठेवला आहे. काय काय आक्षेप येतील याचा अंदाज आहे. दारू पिऊन आले तर? वंदनेच्या वेळी हॉल रिकामा होईल का? चादरी कोण धुणार? हे प्रश्न खोटे नाहीत, त्यांची उत्तरे कागदावर तयार करून नेत आहोत. सगळ्यात जास्त वाद विहारामागच्या संडासाच्या किल्लीवरून होणार आहे. ती सध्या अध्यक्षांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते.